झाकणाच्या आतल्या खुणा

आमच्या घरच्या घड्याळाची किंमत आजवर दोनदा काढली गेली. एकदा ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका दुकानात, आणि पुढे नऊ वर्षांनी माजिवड्याच्या एका एसी फ्लॅटमध्ये. दोन्ही वेळा किंमत काढणाऱ्याने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग पुन्हा घड्याळाकडे. ते मधलं बघणं मला चांगलं ओळखू येतं. हे तुमच्याकडे कुठून आलं, असं त्यांना विचारायचं असतं. तर ते आधीच सांगून टाकते. हे घड्याळ माझ्या वडिलांचं, आणि ज्या वर्षी ते त्यांना मिळालं त्याच वर्षी माझा जन्म झाला.

घड्याळ स्विस, सोन्याचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांची जाहिरात करायला मी बसलेले नाही. गोल, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, आणि इतकं पातळ की बाही खाली ओढली की हातात काही आहे हे कळायचंसुद्धा नाही. असली घड्याळं साहेबलोक सूट घालून पार्टीला जाताना घालत. सेकंदकाटा नाही, कारण पार्टीला निघालेल्या माणसाला सेकंदांशी काय करायचंय! तबकडी सायीच्या रंगाची, आकड्यांच्या जागी सोन्याच्या बारीक काड्या. रोज चावी द्यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी बंद.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते मुंबईत फोर्टमधल्या एका परदेशी कंपनीत शिपाई होते. ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळांना दर सोमवारी चावी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि साहेबाची घड्याळं दुरुस्तीला न्यायची-आणायची तीही तेच. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने हातातलं घड्याळ काढून आप्पांच्या हातावर ठेवलं. चांगल्या कामाची चिठ्ठी दिली असती तर ती दाखवून पुढे दुसरी नोकरी तरी मिळाली असती. कागद मात्र त्याने एका ओळीचासुद्धा दिला नाही. सोन्याची वस्तू पाहून पावती मागतात, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसणार. त्याच्याकडे कुणी कधी मागितली नव्हती.

आप्पा ते घड्याळ वर्षातून तीनदा घालायचे. एप्रिलातल्या जयंतीला, बुद्धपौर्णिमेला आणि घरातल्या एखाद्या लग्नाला. बाकी वर्षभर ते आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. पण दर मार्चमध्ये, जयंतीच्या आधी, घराला चुना लागायचा, तांब्या-पितळेची भांडी घासून निघायची, पांढरे कपडे नीळ घालून धुतले जायचे, आणि घड्याळ सर्व्हिसिंगला कल्याणला जायचं. घातलं किती, चाललं किती, याचा काही संबंध नाही. चुना आणि घड्याळ, दोन्ही वर्षाची कामं.

कल्याणला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे घड्याळजी होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. लहानपणी मी आप्पांबरोबर जायची. चाचा डोळ्याला भिंग लावायचे, पातळ सुरीने मागचं झाकण टक्कन उघडायचे, आणि दरवर्षी तेच बोलायचे. "अरे भाई, पहनता नहीं, और हर साल धुलाता है! इतना तो मैं खुद नहाता नहीं." आप्पा हसायचे आणि दरवर्षी तेच उत्तर द्यायचे, "आमच्यात वर्षातून एकदा सगळं घर धुतात चाचा. हे काय घराच्या बाहेरचं आहे?"

काम झालं की चाचा एक सुई घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूला खूण करायचे. आधी त्यांची स्वतःची आकडी, मासे पकडायच्या गळासारखी, मग महिना, मग साल. नखाएवढ्या जागेत मावेल इतकं बारीक. मी एकदा विचारलं होतं की चांगल्या सोन्यावर ओरखडे कशाला ओढता. चाचा म्हणाले, "बेटी, घड्याळ वापस आया तर कळलं पाहिजे, आपल्या हाताचं काम की दुसऱ्याच्या. दुसरा बिघडवेल आणि शिव्या मला." जुने कारागीर सगळे असं करत, हे मला नंतर समजलं. आप्पा ती खूण होताना काउंटरवर ओणवे होऊन बघायचे. झाकण बंद झालं की वर्षभर आतलं काही दिसणार नसायचं.

आता शहाऐंशी सालचं सांगते.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या बाजूच्या चाळीत राहायचो. मी पूर्वेला एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट होते. नाक शिंकरलं की रुमालावर त्या दिवशी कारखान्यात जो रंग चालू असेल तो उतरायचा. आप्पांची फोर्टमधली कंपनी अठ्ठ्याहत्तर सालीच बंद पडलेली. चार ठिकाणी धक्के खाऊन ते ठाण्याला माजिवड्याजवळच्या एका नव्या सोसायटीत वॉचमन लागले होते. आम्ही बौद्ध. सोसायटीत ते कुणी तोंडावर विचारलं नव्हतं, पण सगळ्यांनी माहीत करून घेतलेलं होतं.

त्या वर्षी जयंतीला आप्पांना सुट्टी मिळाली नाही. सकाळी ते विहारात जाऊन आले आणि दुपारी तसेच पांढऱ्या कपड्यांत, हातात घड्याळ घालून ड्युटीवर गेले. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे साहेब फिरायला खाली उतरले. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी जाता जाता विचारलं, "किती वाजले रे?" आप्पांनी बाही मागे सारली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सात वाजून दहा मिनिटं, साहेब." साहेब थांबले. फिरायला न जाता परत वर गेले.

त्यांचं एक सोन्याचं घड्याळ दिवाळीतल्या रंगकामापासून सापडत नव्हतं. तेही स्विस, तेही गोल, त्याच कंपनीचं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी आप्पांना जिन्याखालच्या ऑफिसात बोलावलं. "उद्या ते घड्याळ घेऊन ये. खात्री होईपर्यंत इथे कपाटात राहू दे. पोलिसात जायची वेळ आणू नकोस." आणि आप्पांनी ते नेलं. पातळाच्या तुकड्यात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत, चटणी-भाकरीच्या शेजारी ठेवून, स्वतःच्या हाताने नेऊन दिलं. घरी चकार शब्द काढला नाही. तीन दिवसांनी आईला पत्र्याचा डबा रिकामा दिसला तेव्हा आम्हाला कळलं.

मी इतकी चिडले की जेवताना उठून उभी राहिले. "आप्पा, तुम्ही दिलंच कसं?"

"मागितलं, दिलं. नाही म्हणालो असतो तर म्हणाले असते, बघा कसा माजलाय."

"आणि दिलं तर म्हणतात, बघा, मुकाट आणून दिलं, म्हणजे चोरलेलंच असणार."

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसले. आई म्हणाली, "अगं, कर नाही त्याला डर कशाला? चार दिवसांनी देतील परत." ही म्हण मला तेव्हापासून आवडत नाही. ती काढणाऱ्याच्या घरी कधी कुणी कपाट उघडायला आलेलं नसतं. आप्पांच्या हातून नोकरी जाईल याची मला तेवढी भीती नव्हती. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने उभ्या आयुष्यात एक नाव मिळवलं होतं, की हा शिपाई कुणाच्या टेबलावरची टाचणीसुद्धा उचलत नाही. ते नाव आता जिन्याखालच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं होतं, आणि आप्पा तिथेच गेटवर बसून त्या कपाटाची राखण करत होते.

शनिवारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि सरळ सोसायटीत गेले. आप्पा गेटवर होते. त्यांनी मला बघून मान खाली घातली. मी त्यांना म्हटलं, "चला आत." ते आले.

सेक्रेटरी पंख्याखाली पेपर वाचत होते. मी म्हटलं, "घड्याळ ठेवून घेतलंय त्याची पावती द्या. लिहा, वॉचमनच्या मालकीचं एक सोन्याचं घड्याळ आम्ही ठेवून घेतलं आहे."

"मालकीचं कसं लिहिणार? तेच तर बघायचंय ना. तुम्हाला कल्पना आहे का असल्या घड्याळाची किंमत काय असते?"

"नाही. तुम्हाला आहे?"

"तसं नव्हे हो. पण तुमच्याकडे असं घड्याळ म्हणजे..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. अशी वाक्यं नेहमी तिथेच सोडतात, पुढचं आम्ही मनातल्या मनात पूर्ण करून घ्यायचं असतं. मी म्हटलं, "पूर्ण करा ना. आमच्याकडे असं घड्याळ म्हणजे काय?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "उगाच आवाज चढवू नका."

"मग पोलिसात तक्रार द्या. मी इथेच बसते. त्यांना येऊ दे, लिहून घेऊ दे. चोरी झाली म्हणणाऱ्याचं नाव, चोर म्हणणाऱ्याचं नाव, सगळं लिहून घेऊ दे."

आप्पा मागून हळूच म्हणाले, "अगं, जाऊ दे." मी त्यांच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. त्याचं मला नंतर वाईट वाटलं, तेव्हा नाही वाटलं.

आरडाओरडा ऐकून साहेब खाली आले. ते शांत होते. त्यांना कसली शंकाच नव्हती, म्हणून शांत. म्हणाले, "पोलीस कशाला? जांभळी नाक्याला माझे घड्याळवाले आहेत. जुने, जाणकार. उघडून बघतील आणि सांगतील."

"चला," मी म्हटलं. "आत्ता चला."

सेक्रेटरींनी कपाटातून घड्याळ काढून एका खाकी पाकिटात घातलं. ते दोघं गाडीतून गेले. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी बसले नसते. गेटवर बदली माणूस बसवून आम्ही बापलेक रिक्षाने गेलो. वाटेत आप्पा एकच वाक्य बोलले. "त्याला चावी दिली नसेल कुणी. बंद पडलं असेल."

दुकान चिंचोळं होतं. भिंतीवरच्या दहा-बारा घड्याळांत दहा-बारा वेळा. दुकानदार साठीचे, कपाळावर भिंग चढवलेले. त्यांनी पाकिटातून घड्याळ काढलं आणि मला मान्य केलं पाहिजे, त्या माणसाने ते नीट धरलं, कडेने, दोन बोटांत. मग बघायला सुरुवात केली. तबकडी मूळची आहे, पुन्हा रंगवलेली नाही. रंगवलेल्या तबकडीवरची अक्षरं जाड होतात. पट्टा अडकवायच्या कानांची धार अजून जागेवर आहे, म्हणजे पॉलिश मारून झिजवलेलं नाही. चावीवर कंपनीचा छाप आहे, म्हणजे तीही बदललेली नाही. "फार जपलंय," ते म्हणाले. "साहेब, तुमच्या घड्याळासारखंच आहे अगदी."

"सारखंच काय, तेच आहे," साहेब म्हणाले.

"तुमचं मी कधी उघडलं नव्हतं. पट्टा तेवढा बदलायला आणायचात. आता उघडून बघतो." आणि त्यांनी सुरी हातात घेतली.

"थांबा," मी म्हटलं.

कुठून सुचलं मला माहीत नाही. सुरी बघून चाचांची सुरी आठवली असेल. मी म्हटलं, "उघडायच्या आधी दोघांनी सांगायचं, झाकणाच्या आत काय आहे ते. ज्याचं घड्याळ त्याला माहीत असेल. मग उघडा."

साहेब हसले. "आत काय असणार? मशीन."

"मशीन नव्हे. झाकणाच्या आतल्या बाजूला."

"कंपनीचं नाव असेल. नंबर असेल. हे काय पोरखेळ चाललेत?"

दुकानदारांनी मात्र सुरी खाली ठेवली. त्यांना माझं म्हणणं कळलं होतं. मी आप्पांकडे वळले. आत खुणा आहेत एवढं मला आठवत होतं. पण आप्पांच्या लक्षात काय असेल? आणि असलं तरी साहेबासमोर हा माणूस बोलेल का? आयुष्यभर साहेबांसमोर ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, आणि आत्ताही तसेच उभे होते.

आप्पांनी हात पुढे घेतले. काउंटरवर ठेवले. आणि जमिनीकडे बघत, हळू, पण न अडखळता बोलायला लागले.

"वर कंपनीचं नाव. खाली नंबर. नंबर सगळा पाठ नाही, शेवटी दोन सात आहेत. डाव्या अंगाला बाईच्या मुंडक्याचा बारीक छाप आहे, तो सोनं अस्सल असल्याचा. मग खुणा. एकवीस. प्रत्येक खुणेत आधी गळासारखी आकडी, मग तीनचा आकडा, मार्चचा, मग साल. पहिली पासष्टची, त्या बाईच्या शेजारी. तिथून काठाकाठाने गोल गेल्यात. अठ्ठ्याहत्तरची नाही. त्या साली कंपनी बंद पडली, जमलं नाही. ऐंशीनंतर काठाला जागा उरली नाही म्हणून शेवटच्या सहा मधे आहेत, नंबराच्या खाली." ते थांबले. मग म्हणाले, "त्र्याऐंशीचा मार्चचा तीन उलटा पडलाय. त्या दिवशी चाचांना ताप होता."

दुकानदारांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि झाकण उघडलं. टक्कन आवाज झाला. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. एवढा वेळ लावला की मला वाटलं चुकलं काहीतरी. शेवटी त्यांनी भिंग वर केलं आणि साहेबांकडे न बघता म्हणाले, "एकवीस." आणि परत एकदा वाकून बघून, "तीन उलटा आहे."

"पण मी माझं सत्तर साली परदेशात..." साहेब बोलून गेले. पासष्टची खूण सत्तर साली विकत घेतलेल्या घड्याळात कशी असेल, हे त्यांचं त्यांनाच कळलं. सेक्रेटरी भिंतीवरची घड्याळं बघायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; इथे तर चोर होता की नाही याचासुद्धा पत्ता नव्हता. साहेबांचं घड्याळ पुढे सापडलं का, हे मला माहीत नाही. विचारायला मी गेले नाही.

माफी कुणी मागितली नाही, हे सांगायला नकोच. साहेबांनी दुकानदारांना विचारलं, "बाजारात काय जाईल हे?" ते म्हणाले, "अठरा कॅरेट आहे, मशीन उत्तम. पाच हजार. हौशी माणूस असेल तर सहा." साहेब आप्पांना म्हणाले, "मी सहा देतो. तुला काय उपयोग त्याचा?"

दुकानदार उघडलेल्या झाकणावर आपली खूण करायला सुई शोधत होते, त्यांना आप्पा म्हणाले, "नको. तुम्ही काम नाही केलं, नुसतं उघडलं. खूण कामाची असते." दुकानदारांनी मान डोलावली आणि सुई ठेवून दिली. झाकण बसलं. आप्पांनी घड्याळ हातात घेतलं, सावकाश चावी दिली, दुकानदारांना विचारून वेळ लावली, मनगटावर बांधलं. मग साहेबांना म्हणाले, "पावणेतीन झाले साहेब. मला गेटवर जायचंय." आणि बाहेर पडले.

मी मागे थांबून सेक्रेटरींना म्हटलं, "आता लिहून द्या. घड्याळ वॉचमनचं आहे, एवढं एकच वाक्य." ते म्हणाले, "झालं ना आता, मिळालं ना परत? कशाला वाढवता?" तो कागद मला मिळाला नाही. त्याची सल पुढे नऊ वर्षं राहिली.

रिक्षात मी आप्पांना विचारलं, "एवढं पाठ कसं तुम्हाला?"

"गेटवर बसून दिवसभर दुसरं काय करतो?" ते म्हणाले. "मोजतो."

मग मला रडू आलं. जेवताना त्यांच्यावर ओरडले होते त्याबद्दल मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. तू थांबा म्हणालीस म्हणून मी बोललो. नाहीतर बोललो नसतो." एवढंच. पण ते त्यांनी पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते आहे.

त्या दिवसापासून आप्पांनी घड्याळ डब्यात ठेवलं नाही. खाकी शर्टाची बाही दोनदा दुमडून रोज ड्युटीवर घालायचे. आई डोक्याला हात लावायची, "अहो, चोरीला जाईल!" ते म्हणायचे, "जाऊ दे. आत काय आहे ते मला माहीत आहे." संध्याकाळी साहेब उतरले की आप्पा नेहमीसारखे उठून उभे राहायचे, सलाम करायचे, आणि मग घड्याळात बघायचे. साहेबांनी वेळ पुन्हा कधी विचारली नाही. मी दोन-तीनदा मुद्दाम त्या वेळेला गेटवर जाऊन उभी राहिले, निव्वळ ते बघायला. कुणी याला खोडसाळपणा म्हणेल. म्हणू दे.

मार्चमधली कल्याणची फेरी चालूच राहिली. आता घड्याळ रोज चालत असल्याने चाचांची चेष्टा बंद झाली. चाचांचा हात थरथरायला लागला तेव्हाही खूण तेच करायचे. आणखी आठ खुणा झाल्या. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात आप्पा गेले. वर्ष उलटायच्या आत चाचाही गेले.

माझं लग्न डोंबिवलीतच झालेलं. घड्याळ माझ्याकडे आलं. विकायचं माझ्या मनात कधी नव्हतं. मला हवा होता तो कागद. तीस वर्षांत त्या घड्याळाला एक कागद मिळाला नव्हता. कुणीतरी सांगितलं की माजिवड्याला, तिथल्या नव्या टॉवरमध्ये, जुन्या घड्याळांचा व्यापार करणारे एक गृहस्थ आहेत आणि ते लेखी मूल्यांकन देतात. पंच्याण्णवच्या जानेवारीत मी गेले. आप्पांची जुनी सोसायटी तिथून दिसत होती. तिचा रंग उडाला होता.

त्या गृहस्थांनी पांढरे हातमोजे घातले. जाडजूड पुस्तकं काढली, झाकणावरचा आणि मशीनवरचा नंबर लावून पाहिला, वजन केलं. आणि माझ्याकडे ते मधलं बघणं बघितलं. मी शांतपणे म्हटलं, "वडिलांचं आहे." मग त्यांनी झाकण भिंगाखाली धरलं आणि त्यांचं तोंड एकदम दुखऱ्या दातावर बोट पडल्यासारखं झालं.

"अरेरे. हे काय केलंय? एकोणतीस ओरखडे! कारागिरांच्या चार-पाच खुणा असतात, समजू शकतो. पण हे म्हणजे... दरवर्षी कोण उघडतं असलं घड्याळ?"

"आम्ही उघडतो," मी म्हटलं.

"आहे तसं पंचेचाळीस हजार. पण माझ्याकडे माणूस आहे, आतून हलकं बफिंग करून देतो. एकदम साफ. मग साठ कुठे गेले नाहीत."

"कागद आहे तसा करा."

त्यांनी लेटरहेडवर लिहायला घेतलं. मालकाच्या रकान्यावरून आमचं थोडं वाजलं. ते म्हणाले, तुमचं नाव येईल. मी म्हटलं, माझं लिहाच, पण त्याच्या वर आप्पांचं, सालासकट, चौसष्ट ते चौऱ्याण्णव. ते म्हणाले, पहिला मालक कुणी परदेशी असणार ना? मी म्हटलं, असेल, पण त्याने नुसतं घातलं, सांभाळलं माझ्या वडिलांनी. शेवटी त्यांनी लिहिलं. माझी बस चुकली तर चुकू दे म्हणत ते नाव शाई वाळेपर्यंत मी बघत बसले. त्याखाली एक रकाना होता, दोष. तिथे त्यांनी लिहिलं: झाकणाच्या आतील बाजूस एकोणतीस ओरखडे. मी म्हटलं, "दोष नाही तो." ते म्हणाले, "बाई, बाजारात त्याला दोषच म्हणतात." मी वाद घातला नाही. पहिल्यांदाच आयुष्यात.

तो कागद मी घरी लोखंडी कपाटात ठेवला. आई तेव्हा माझ्याकडेच होती. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि आप्पांच्या नावावरून बोट फिरवलं. दोषाचा रकाना तिने वाचला की नाही, मला माहीत नाही.

मार्च उजाडला. मी घराला रंग लावला, भांडी काढली, आणि एका रविवारी घड्याळ घेऊन कल्याणला गेले. दुकान तेच, पण आत आता बॅटरीची घड्याळं टांगलेली होती. काउंटरमागे चाचांचा मुलगा. त्याने मला ओळखलं, घड्याळ त्याच्याआधी ओळखलं. साफ केलं, तेल दिलं, वेळ लावली. झाकण बसवायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, "खूण राहिली."

"ताई, आता आम्ही नाही करत. वहीत लिहून ठेवतो. गिऱ्हाईकं भांडतात, खुणेने किंमत कमी होते म्हणतात."

"होते. पंधरा हजारांनी होते. माझ्याकडे लेखी आहे."

मग त्याने खालचा खण उघडला, शोध शोध शोधून वडिलांची सुई काढली, ती शर्टाला पुसली. झाकण उजेडात धरून जागा शोधली. आप्पांच्या शेवटच्या खुणेच्या शेजारी थोडी होती.

"अब्बांची आकडी काढू की माझी?"

"त्यांचीच काढ. आणि महिना, आणि साल."

त्याने सुई टेकवली आणि विचारलं, "हलकेच करतो ना ताई?"

"नको," मी म्हटलं. "जरा खोल कर."